झारेकरी: सोने धुणाऱ्याच्या नावामागचा इतिहास

सोने खणणारा आणि सोने धुऊन काढणारा हे दोन वेगळे कसबी आहेत, आणि मराठीत जुने, मुरलेले नाव आहे ते दुसऱ्याला. सोनाराच्या दुकानातला केर, बागेसरीतली, म्हणजे सोनाराच्या शेगडीतली, राख आणि कानशीने पडलेला कीस विकत घेऊन तो पाण्यात झारणारा, म्हणजे धूत धूत हलके ते वाहू देणारा आणि जड ते राखणारा, तो झारेकरी. झारीतल्या शुक्राचार्यांशी त्याचा संबंध नाही.

हेच काम नदीच्या वाळूवर करणारे ते सोनझारी. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 सालच्या ग्रंथात संबळपूर, मंडला, बालाघाट आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, या जिल्ह्यांत नद्यांच्या पात्रात सोने धुणारी लहानशी व्यावसायिक जात म्हणून त्यांची नोंद आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीखाली ‘सोनझारी झरेका’ हे जोडनाव आजही छापले जाते. त्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत.

नदीकाठी असो वा सराफकट्ट्यामागे, कृती एकच. सोन्याची घनता पाण्याच्या 19.3 पट, तर वाळूतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, 2.65 पटीच्या आसपास; त्यामुळे उथळ लाकडी पाटी पाण्यात गोल फिरवत राहिले की वाळू काठावरून निसटते आणि तळाशी काळ्या, लोहयुक्त रेतीची चिमूट उरते. सोने असेल तर त्या चिमटीत. ते डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून तिच्यात पारा चोळतात. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो आणि तापवून उडवला की मागे पिवळा मणी राहतो. पाऱ्याची ती वाफ विषारी असते, ही या धंद्याची न मोजलेली किंमत.

धंदा फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘पांसुधावक’ भेटतो. त्याला सापडलेल्या मालाचा तिसरा हिस्सा त्याचा, उरलेले दोन हिस्से आणि सापडलेले रत्न राजाचे, अशी तिथे वाटणी आहे. पांसु म्हणजे धूळ आणि धावक म्हणजे धुणारा, तेव्हा गुजरातेतला ‘धूळधोया’ अर्थाने अक्षरशः तोच. उत्तरेत मात्र त्याला न्यारिया, म्हणजे न्यारे करणारा, म्हणतात. धारवाड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता; तिकडे कप्पतगुड्डाच्या डोंगरांतल्या ओढ्यांतून सोने धुणारे जालगार या कानडी नावाने ओळखले जात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलारला खोल खाणी सुरू झाल्या, पण तिथल्या कामगाराला झारेकरी हे नाव कधी लागले नाही. कोलारच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या. मुंबईच्या झवेरी बाजारात मात्र कारखान्यांबाहेरचा केर आणि गटारातला गाळ गोळा करून धुणारे आजही आहेत, आणि आतल्या कारागिरांनी हात धुतलेले पाणीसुद्धा फेकून न देता त्याचा गाळ झारण्यासाठी साठवला जातो.