तेल गाळताना जळणारं तेल

लोणी काळभोरला तेल कंपन्यांच्या टर्मिनलबाहेर टँकरची रांग नेहमीची. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतलं पेट्रोल-डिझेल पाईपलाईनने घाट चढून तिथवर येतं आणि तिथून आपल्या पंपावर. पंपावरच्या भावावर आपण तावातावाने बोलतो. पण तेल पाईपलाईनला लागण्याआधीच एक खर्च होऊन गेलेला असतो, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कच्चं तेल शुद्ध करायला उष्णता लागते आणि ती इंधन जाळूनच मिळते. शंभर टन कच्चं तेल आत घेतलं की साधारण सहा ते दहा टन तेलाइतकं इंधन रिफायनरीच्याच पोटात जातं. भारताची शुद्धीकरण क्षमता वर्षाला सुमारे २५ कोटी टन आहे. यातला एक टक्का वाचवायचा म्हटलं तरी २५ लाख टन होतात.

पुण्यात रिफायनरी नाही. पण ही बचत ज्या वस्तूंमुळे होते, त्यातल्या बऱ्याच इथे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला बनत आल्या आहेत. दापोडीला अल्फा लावलचे हीट एक्स्चेंजर, कासारवाडीला फोर्ब्स मार्शलचे स्टीम ट्रॅप, चिंचवडला थरमॅक्सचे बॉयलर. काटकसरीवरून पुणेकरांना बरंच ऐकून घ्यावं लागतं. निदान उष्णतेच्या बाबतीत ते टोमणे खुशाल मिरवावेत.

हीट एक्स्चेंजर समजून घ्यायला डेअरीत जाऊ. पाश्चरीकरणासाठी ४ अंशांचं दूध ७२ अंशांपर्यंत तापवतात, १५ सेकंद तसंच ठेवतात आणि परत ४ अंशांवर आणतात. आधी तापवायला खर्च, मग गार करायला खर्च. म्हणून पातळ स्टीलच्या प्लेटांच्या एका बाजूने बाहेर पडणारं गरम दूध सोडतात आणि दुसऱ्या बाजूने आत येणारं गार दूध. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण जाता जाता गरम दूध गार दुधाला तापवतं आणि स्वतः निवतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास उष्णता अशी घरातल्या घरातच फिरते.

रिफायनरीतही हेच चालतं, फक्त दुधाच्या जागी कच्चं तेल असतं. टाकीतून ते ३० अंशांच्या आसपास निघतं आणि डिस्टिलेशनच्या, म्हणजे उकळबिंदूनुसार घटक वेगळे करण्याच्या, मनोऱ्यात शिरताना ते ३६० अंशांच्या घरात असावं लागतं. मनोऱ्यातून बाहेर पडणारं रॉकेल, डिझेल आणि तळाचा गाळ हे सगळं कढत असतं आणि साठवण्याआधी गार करावंच लागतं. मग कच्चं तेल एकामागून एक एक्स्चेंजरमधून फिरवतात. या रांगेला प्रीहीट ट्रेन म्हणतात. वाटेत १२०-१४० अंशांवर डीसॉल्टरमध्ये मीठ धुऊन निघतं आणि शेवटी २६० अंशांच्या आसपास तेल भट्टीच्या दारात उभं राहतं. म्हणजे चढणीचा दोन-तृतीयांश भाग फुकटात चढून झाला. इंधन जळतं ते उरलेल्या शंभर अंशांसाठी.

फुकटात म्हटलं खरं, पण या एक्स्चेंजरमधल्या नळ्यांना एक रोग जडतो. कच्च्या तेलातले अस्फाल्टीन नावाचे डांबरासारखे जड घटक, उरलेलं मीठ, गंज यांचा थर आत हळूहळू चढत जातो. घरच्या गीझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसतो ना, तसा. हा मात्र काळाकुट्ट. उष्णता पलीकडे जाईना की भट्टीच्या दारातलं तापमान घसरतं.

घसरलं तर काय बिघडतं? हिशोब कागदावर मांडून पाहा. वर्षाला एक कोटी टन तेल घेणारी रिफायनरी धरू. गरम कच्च्या तेलाच्या एका किलोला एक अंश चढवायला साधारण २.६ किलोज्यूल लागतात. म्हणजे एका अंशासाठी वर्षाला २६ अब्ज किलोज्यूल. इंधनाच्या किलोतून ४०,००० किलोज्यूल मिळतात आणि भट्टीची कार्यक्षमता ९० टक्के, असं धरलं तर उत्तर येतं सुमारे ७०० टन इंधन. हे एका अंशाचं! दहा अंश घसरले की सात हजार टन. साफसफाई करायची तर नळ्यांचा गठ्ठा बाहेर ओढून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने धुवावा लागतो आणि तेवढे दिवस तो एक्स्चेंजर बाद. कुठला आज धुवायचा आणि कुठला पुढच्या शटडाउनपर्यंत ढकलायचा, यावर प्लांटच्या बैठकांमध्ये खडाजंगी होते. माझ्या मते कार्यक्षमतेची खरी लढाई तिथेच असते.

कुठल्या गरम प्रवाहाची गाठ कुठल्या गार प्रवाहाशी घालायची, याचंही एक शास्त्र आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मांडलं. त्याला पिंच विश्लेषण म्हणतात. खडकवासल्याचं पाणी कालव्याने हडपसरकडे आपसूक जातं, पर्वतीवर चढवायचं तर पंप लागतो. उष्णताही अशीच उतारावरच वाहते. ९० अंशांची उष्णता कितीही असली तरी २५० अंशांच्या तेलाला तिचा काही उपयोग नाही. प्लांटमधले सगळे प्रवाह तापमानानुसार मांडले की एक चिंचोळी जागा सापडते, तीच पिंच. तिच्या वरच्या तापमानांना उष्णतेची टंचाई, खालच्या तापमानांना रेलचेल. वरची उष्णता खाली दिली की दुहेरी भुर्दंड पडतो: वर भट्टीत तेवढं इंधन जास्त जाळा आणि खाली तीच उष्णता काढून टाकायला तेवढं गार पाणी फिरवा.

डिस्टिलेशनबद्दल थोडक्यात. तीन घटक दोन मनोऱ्यांत वेगळे करताना मधला घटक पहिल्या मनोऱ्यात बराचसा शुद्ध होतो आणि तिथेच पुन्हा मिसळतो. निवडलेले तांदूळ परत पोत्यात ओतल्यासारखं. मनोऱ्याच्या मधोमध उभी भिंत घातली तर हे टळतं. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने १९८५मध्ये असा मनोरा चालू केला. या रचनेत ३० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचू शकते.

काही घटक मात्र मनोऱ्याला जुमानतच नाहीत. पॉलिएस्टरसाठी लागणारं पॅरा-झायलीन १३८ अंशांना उकळतं, त्याचं भावंड मेटा-झायलीन १३९ला. पॅरा वेगळ्या वाटेने काढून घ्यायचं आणि उरलेल्यातून पुन्हा पॅरा घडवायचं, अशा फेऱ्या माराव्या लागतात आणि प्रत्येक फेरीत सगळं नव्याने तापवावं लागतं. उत्प्रेरक जितका चांगला, तितक्या फेऱ्या कमी. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यासाठी एन्सिलाइट नावाचा झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांच्या खनिजासारखा) उत्प्रेरक तयार केला आणि १९८०च्या दशकात तो बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत वापरात आला.

आता माझा लाडका विषय, स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफेच्या पाईपांवरची एक आपोआप चालणारी झडप. शून्य अंशांचं किलोभर पाणी उकळीला आणायला ४१९ किलोज्यूल पुरतात, पण त्याची वाफ करायला आणखी २,२५७ लागतात. कुकरच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा खोल जातो तो यामुळेच. वाफेचं पाणी होताना ही सगळी पुंजी हाती येते. म्हणून पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ अडवायची, एवढंच ट्रॅपचं काम. डिस्क ट्रॅपमध्ये रुपयाच्या नाण्यासारखी स्टीलची चकती असते. पाणी आलं की ती उचलली जाते. मागून वाफ आली की चकतीखालून ती वेगाने पळते, खालचा दाब उतरतो, वरचा दाब चकतीला खाली बसवतो. टिक! मोठ्या रिफायनरीत असे हजारो ट्रॅप असतात.

चकती झिजली की वाफ सरळ निसटते. ७ बार दाबाला ३ मिलिमीटरच्या भोकातून तासाला २५-३० किलो वाफ जाते, वर्षाला दोनशे टनांच्या वर. आणि ट्रॅपचं तोंड बहुधा बंद पाईपमध्ये असल्यामुळे बाहेर काही दिसत नाही.

पुण्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात मी असे ट्रॅप तपासायला गेलो होतो. गेटजवळच्या वाफेच्या झोताकडे सगळे बोट दाखवत होते. सोबतचा फिटर तिकडे न जाता स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका ट्रॅपवर टेकवून मुठीला कान लावत चालला. धडधाकट ट्रॅप मिनिटात मोजके टिकटिकतो. तीन ट्रॅप शिलाई मशीनसारखे तडतडत होते. त्यांची वाफ परतीच्या पाईपातून कंडेन्सेटच्या, म्हणजे वाफेपासून झालेल्या पाण्याच्या, टाकीत आणि तिथून छतावरच्या व्हेंटमधून शिट्टी वाजवत आभाळात जात होती. बॉयलर हाउसचा आवाज असाच असतो, असं सगळे धरून चालले होते. ट्रॅप बदलल्यावर शिट्टी थांबली, तेव्हा पाळीवरचा ऑपरेटर धावत बाहेर आला. त्याला वाटलं, बॉयलरच बंद पडला.