थायलंडच्या दोन राजकन्या: सिरिंधोर्न कोणत्या, चुलाभोर्न कोणत्या?
भारताने २०१७ मध्ये पद्मभूषण दिलं ते सिरिंधोर्न यांना. ज्यांच्या नावाने संशोधन संस्था आणि कर्करोगाचं रुग्णालय चालतं, त्या चुलाभोर्न. दोघी सख्ख्या बहिणी, राजे भूमिबोल आणि राणी सिरिकित यांच्या मुली. एकीचा जन्म १९५५ चा, दुसरीचा १९५७ चा. दोघींनी डॉक्टरेट केलेली आणि नावांचा शेवटही सारखाच. घोळ होणारच.

सिरिंधोर्न यांचा ओढा भाषांकडे आणि इतिहासाकडे. इतिहासाची पदवी घेऊन त्या पाली, संस्कृत आणि जुन्या शिलालेखांच्या अभ्यासात शिरल्या, पुढे लष्करी अकादमीत इतिहास शिकवला. पण मला त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते १९८० पासूनचं: सीमेवरच्या पोलिसांनी चालवलेल्या शाळांमध्ये मुलांनीच भाजी लावायची, कोंबड्या पाळायच्या आणि त्यातून दुपारचं जेवण शिजवायचं. १९९१ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

चुलाभोर्न हे घरातलं शेंडेफळ. त्या रसायनशास्त्राच्या. १९८७ मध्ये त्यांनी संशोधन संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये लशींची टंचाई असताना सायनोफार्म या चिनी कंपनीची कोविडची लस थायलंडमध्ये आली ती चुलाभोर्न रॉयल अकादमीमार्फत. राजघराण्यातल्या व्यक्तीची संस्था सरकारी यंत्रणेला समांतर लस आणते, यावर तिथे चर्चा झालीच.

खरा फरक मात्र गादीशी असलेल्या नात्यात आहे. थायलंडचा राजा बौद्धच असला पाहिजे, असं तिथली राज्यघटना सांगते. तो पुरुषच हवा का, हा प्रश्न १९७४ मध्ये काहीसा सैल झाला. राजपुत्र नसेल तर राजकन्येचा विचार करता येईल, अशी तरतूद झाली. १९७७ मध्ये वडिलांनी सिरिंधोर्न यांना 'महाचक्री' हा वरच्या दर्जाचा किताब दिला, आणि भाऊ वजिरालोंगकोर्न युवराज असूनही त्यांचं नाव वारसदार म्हणून वर्षानुवर्षं चर्चेत राहिलं. २०१६ मध्ये गादीवर आले ते भाऊच. सिरिंधोर्न यांनी लग्न केलं नाही.

चुलाभोर्न यांनी १९८२ मध्ये हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याशी लग्न केलं. तो राजघराण्यातला नव्हता, तरी त्यांचा किताब टिकला. पुढे घटस्फोट झाला; त्यांना दोन मुली आहेत. थोरल्या बहिणीच्या, उबोलरताना यांच्या वाट्याला असं आलं नाही. १९७२ मध्ये अमेरिकन माणसाशी लग्न करताना त्यांना किताब सोडावा लागला. गंमत म्हणजे २०१९ मध्ये एका पक्षाने पंतप्रधानपदासाठी त्यांचं नाव पुढे केलं, तेव्हा त्या राजघराण्यातल्याच आहेत असं भावाने जाहीर केलं आणि उमेदवारी बाद झाली.

बँकॉकमध्ये फोटोखालचं थाई नाव वाचता आलं नाही, तर झेंड्याचा रंग बघावा. नवरात्रात आपल्याकडे दिवसागणिक रंग ठरतो, तसा तिथे जन्मवारावरून ठरतो. सिरिंधोर्न शनिवारच्या, म्हणून जांभळा. चुलाभोर्न गुरुवारच्या, म्हणून नारिंगी. एप्रिलच्या सुरुवातीला रस्त्यावर जांभळे झेंडे दिसले, तर तो सिरिंधोर्न यांचा वाढदिवस. चुलाभोर्न यांचा जुलैमध्ये असतो.