गायकवाडांची गादी आणि सत्तेची वाटणी

फेब्रुवारी १८७५. बडोद्यात सहा जणांच्या आयोगापुढे मल्हारराव गायकवाडांची चौकशी सुरू झाली. ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घालण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आयोगाचे अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काऊच. सोबत मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज अधिकारी, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले होते. आयोगाचे मत दुभंगले. तिन्ही इंग्रजांनी महाराजांना दोषी मानले, तिन्ही हिंदी सदस्यांनी मानले नाही.

तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना गादीवरून काढून मद्रासला पाठवण्यात आले. जाहीरनाम्यात विषप्रयोगाचा आधार घेतला नव्हता. गैरकारभार आणि नालायकी ही कारणे दिली होती. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. दादाभाई नौरोजींसारखा माणूससुद्धा त्यांच्या दिवाणगिरीत टिकू शकला नाही. प्रश्न वेगळा आहे. आरोप करणारे सरकार, आयोग नेमणारे सरकार, आणि आयोगाचे एकमत झाले नाही तेव्हा निर्णय घेणारेही तेच सरकार. घटनात्मक राज्य कशाला म्हणत नाहीत, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण आपल्या शहराच्या इतिहासात दुसरे नाही.

सगळी सत्ता एकाच हाती नसावी, हा विचार युरोपात तोवर मुरला होता. १७०१ च्या इंग्लिश कायद्याने न्यायाधीशांची नोकरी राजाच्या मर्जीतून काढून सद्वर्तनाशी जोडली. १७४८ मध्ये मॉन्टेस्क्यूने कायदा करणे, तो राबवणे आणि त्यानुसार न्याय देणे ही तीन कामे एकाच हाती आली तर स्वातंत्र्य उरत नाही, असे मांडले. १७८७ च्या अमेरिकन घटनेने ते कागदावर उतरवले. मराठी माणसाला मात्र हा विषय रामशास्त्री प्रभुण्यांच्या नावाने ठाऊक असतो. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगून ते पुणे सोडून गेले. रामशास्त्र्यांची थोरवी कमी होत नाही, पण त्या निर्णयामागे उभी राहील अशी संस्था नव्हती. न्यायाधीशाला निकाल दिल्यावर गाव सोडावे लागते, तिथे न्याय एका माणसाच्या धैर्यावर चाललेला असतो. ते धैर्य पुढच्या माणसात असेलच असे नाही.

मल्हाररावांनंतर, त्यांच्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतले. तेच सयाजीराव तिसरे. ते सज्ञान होईपर्यंत कारभार सर टी. माधवराव यांच्याकडे होता. तंजावरच्या मराठी घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून आले होते. बाल महाराजांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली आणि कोर्टकचेऱ्यांची घडी बसवली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

खरी महत्त्वाची गोष्ट पुढे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडली. १९०४ मध्ये रमेशचंद्र दत्त महसूल अमात्य म्हणून बडोद्यात आले. दत्त आय.सी.एस. होते, त्यांनी बंगालमध्ये जिल्ह्याचा कारभार पाहिला होता आणि एक दुखणे त्यांना नेमके माहीत होते: कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट असणे. सारा वसूल करणारा अधिकारी, पोलिसांवर हुकमत असणारा अधिकारी आणि फौजदारी खटल्यात शिक्षा सुनावणारा अधिकारी एकच. साऱ्यावरून एखाद्या कुळाची तलाठ्याशी बाचाबाची झाली, सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदला गेला, तर तो खटला चालणार कुणापुढे? ज्याची वसुली अडली होती त्याच्याच कचेरीपुढे. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कुठे मागायची?

गंमत अशी की ही कामे एकदा वेगळी केलेली होती. १७९३ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कलेक्टरकडे फक्त महसूल ठेवून न्यायाचे काम स्वतंत्र न्यायाधीशांकडे दिले. पुढे बेंटिंकच्या काळात मॅजिस्ट्रेटचे अधिकार पुन्हा कलेक्टरकडे गेले. एका हुकमाने दिलेली वाटणी दुसऱ्या हुकमाने परत घेतली गेली. ही गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, कारण सत्ताविभाजनाच्या प्रत्येक व्यवस्थेला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: ही वाटणी मोडण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

१८८६ पासून काँग्रेस दोन्ही कामे वेगळी करण्याची मागणी करत होती. १८९९ मध्ये निवृत्त न्यायाधीशांनी आणि अधिकाऱ्यांनी भारतमंत्र्यांकडे त्यासाठी अर्ज केला. त्यावर सह्या करणाऱ्यांत एक नाव होते सर रिचर्ड काऊच! ब्रिटिश मुलखात तरीही काही हलले नाही. जिल्ह्याच्या साहेबाचा दरारा कमी होईल, हे नेहमीचे उत्तर. दत्तांनी बडोद्यात ते करून दाखवले. तालुक्याच्या वहिवटदाराकडे महसूल राहिला आणि फौजदारी खटले मुन्सफांकडे, म्हणजे खालच्या न्यायाधीशांकडे गेले. वर वरिष्ठ न्यायालय होतेच. १९०७-०८ च्या सुमारास धारासभाही (कायदेमंडळ) आली: काही सरकारी सभासद, काही नेमलेले, काही स्थानिक संस्थांतून आलेले.

एवढ्यावर थांबले तर गौरवगाथा पूर्ण होते, आणि बडोद्याचा इतिहास अनेकदा तिथेच थांबवला जातो. पण वरच्या मजल्यावर काय होते? धारासभा सल्ला देई; कायदा महाराजांच्या मंजुरीने होई. वरिष्ठ न्यायालयाच्या वर अपील हुजुरांकडे जाई. दिवाण महाराज नेमत आणि महाराजच काढत. खाली तीन वाटा झाल्या होत्या, वर तिन्ही येऊन एकाच हाती मिळत होत्या. सयाजीरावांनी ती सत्ता सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी, बालविवाह प्रतिबंधासाठी, ग्रंथालयांसाठी वापरली हे आपले भाग्य. तरी ते भाग्यच होते. रयतेचा हक्क नव्हता.

त्या भाग्याची मर्यादा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना याच शहरात कळली. १९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. खुद्द महाराजांचा पाठिंबा असूनही त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि काही दिवसांतच परतावे लागले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना घटनात्मक नीती ही उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांनी सांगितले तेव्हा त्या बोलण्यामागे असे कितीतरी अनुभव होते.

त्याच भाषणात त्यांनी अमेरिकेसारखी काटेकोर फारकत का नको, हेही समजावले. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत मंत्र्यांना रोजच्या रोज प्रश्न, ठराव आणि चर्चेला तोंड द्यावे लागते. मसुद्याने जबाबदारीला पसंती दिली. त्यामुळे आपल्याकडे मंत्रिमंडळ संसदेतूनच येते आणि कायदे करणारे व राबवणारे पूर्ण वेगळे नाहीत. पूर्ण फारकतीची प्रा. के. टी. शहा यांची सूचना घटनासमितीने त्याच डिसेंबरात फेटाळली. न्यायसंस्थेबाबत मात्र भूमिका वेगळी होती. २४ नोव्हेंबरला आंबेडकरांनी न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे कलम मांडले, त्यात तीन वर्षांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी ती मुदत गळाली. आजचे कलम ५० ते हेच. मुंबई राज्याने १९५१ मध्ये त्यासाठी कायदा केला. साऱ्या देशासाठी ही व्यवस्था नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने १ एप्रिल १९७४ पासून आली. दत्तांच्या बडोद्यातल्या प्रयोगानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

गादीचे पुढे काय झाले? सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव यांच्या काळात खजिन्यातून काढलेल्या रकमांवरून असंतोष वाढला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली आणि त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता दिली. हाही सरकारी आदेशच होता. संस्थानिकांच्या करारांचे वाद न्यायालयात नेता येऊ नयेत अशी तरतूद घटनेतच होती.

१९७० मध्ये हाच अधिकार सरसकट वापरला गेला. संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे रद्द करणारे विधेयक लोकसभेत मंजूर झाले. ५ सप्टेंबरला राज्यसभेत बाजूने १४९, विरुद्ध ७५ मते पडली. दोन तृतीयांशासाठी १५० हवी होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सर्व संस्थानिकांची मान्यता काढली गेली. संसदेत जे जमले नाही ते आदेशाने साधायचे, असा तो सरळ प्रकार होता. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबरला न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मार्च १९७१ मध्ये निवडणूक झाली, सरकार मोठ्या बहुमताने परतले आणि डिसेंबरात सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मान्यता आणि तनखे दोन्ही संपवले.

तनखे गेले, याचे दुःख करण्याचे मला कारण दिसत नाही. लोकशाहीत जन्माने मिळणारा सरकारी पगार टिकणारच नव्हता. पण पंधरा महिन्यांच्या त्या खटपटीला मी वाया गेलेला वेळ मानत नाही. राज्यसभा नाही म्हणाली, न्यायालय नाही म्हणाले, मग लोकांना विचारले गेले आणि सर्वांना लागू होणारा नियम संसदेने रीतसर बदलला. १८७५ च्या जाहीरनाम्याला यातले एकही दार ओलांडावे लागले नव्हते.

मग संसद काहीही करू शकते का? २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरापैकी सात न्यायाधीशांनी घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही असे ठरवले. सरन्यायाधीश सिक्री यांनी त्या चौकटीत सत्ताविभाजन नाव घेऊन नोंदवले. दोन वर्षांत कसोटी आली. आणीबाणीत एकोणचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेऊन ती निवडणूक वैध ठरवली. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक बदललेल्या निवडणूक कायद्यांच्या आधारे कायम ठेवली, पण घटनादुरुस्तीचा तो भाग रद्द केला. सर्वांसाठी नियम बदलणे हे संसदेचे काम, आणि दोन पक्षांमधला चालू खटला निकाली काढणे हे न्यायालयाचे.