वर्गातली बासरी आली कुठून?

शाळा उघडल्या की बडोद्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मुलं गणितं सोडवत असताना वर्गात मंद आवाजात शास्त्रीय संगीत लावा, लक्ष लागतं. सोबत बासरीवरच्या यमन रागाची तासाभराची लिंक. खाली कुणी ‘मोझार्ट इफेक्ट’ (मोझार्ट ऐकला की बुद्धी वाढते, हा समज) लिहितं, कुणी ‘आपल्याकडे हे आधीपासूनच होतं’ असं.

आपल्याकडे होतं, पण ते हे नव्हे. त्यासाठी बडोद्याचीच गोष्ट बघावी लागते.

सयाजीराव महाराजांच्या हाती १८८१ मध्ये राज्यकारभार आला आणि १८८६ मध्ये इथे गायनशाळा सुरू झाली. ती चालवायला घेतली मौलाबक्ष यांनी. हा माणूस उत्तरेतला, पण म्हैसूरला जाऊन कर्नाटक संगीतही शिकून आलेला. तिकडे स्वर, ताल शिकवायची बांधीव पद्धत त्यांनी पाहिली होती. गायनशाळेसाठी त्यांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, पाठ्यपुस्तकं तयार केली. शिष्यत्वाचा गंडा बांधून गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, मग त्याच्या मर्जीनं एखादी चीज म्हणजे बंदिश पदरात पडायची, हा तोवरचा रिवाज. इथे ठरलेल्या वेळी यायचं, फळ्यावर लिहिलेले स्वर म्हणायचे आणि घरी जायचं. शाळेत गवई होत नाही, असं नाक मुरडून म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पण कान तयार होत होते. मौलाबक्ष यांचे नातू इनायत खाँ याच घरात वाढले आणि पुढे सूफी विचार घेऊन युरोप-अमेरिकेत गेले.

ज्या राजानं १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याला गाणंही शिकवण्याजोगा विषय वाटलं, यात नवल नाही. १९१६ मध्ये संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यात. सप्तकातल्या श्रुती म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानं नेमकी किती आणि कुठे, यावर तिथे विद्वान आणि गवई हमरीतुमरीवर आले. दोन वर्षांनी ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं. या सगळ्या खटपटीत संगीत हा विषय होता. त्यात नापास होता येत होतं. दुसऱ्या विषयाला मदतनीस म्हणून ते कोपऱ्यात वाजावं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

कोपऱ्यात वाजणाऱ्या संगीताचं कूळ वेगळं आहे, आणि ते कारखान्यातलं आहे. अमेरिकेत १९३४ मध्ये ‘म्यूझॅक’ नावाची कंपनी उभी राहिली. तारेवरून दुकानांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत बेताचं संगीत पुरवायचं, हा तिचा धंदा. पुढे तिनं पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे बांधले. तुकड्यात लय हळूहळू चढत जायची, मग तेवढाच वेळ शांतता. कामगार पेंगू नये, एवढाच हेतू. १९४० मध्ये युद्ध चालू असताना बीबीसीनंही कारखान्यांसाठी दिवसातून दोनदा असाच कार्यक्रम सुरू केला. तिथून हे लोण वर्गात यायला वेळ लागला. बल्गेरियात लोझानोव्ह यांनी परकी भाषा शिकवताना मागे युरोपचं जुनं संगीत लावून पाहिलं, सत्तरच्या दशकात त्याचा बोलबाला झाला, आणि संथ लयीत मेंदू जास्त शिकतो असं लोक धरून चालू लागले.

मग आलं १९९३. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत रॉशर, शॉ आणि काय (Ky) या तिघा संशोधकांचं टिपण छापून आलं. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची दोन पियानोंची सोनाटा ऐकवली. त्यानंतर घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अशा प्रकारचे प्रश्न त्यांनी जरा बरे सोडवले. बुद्ध्यंकाच्या हिशेबात आठ-नऊ गुण. परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. संगीत परीक्षेच्या आधी वाजलं होतं, परीक्षा चालू असताना नव्हे. मुलं वीस वर्षांच्या आसपासची होती. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तिथल्या प्रत्येक नवजात बाळाला संगीताची कॅसेट किंवा सीडी देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! व्हॉट्सॲप नसतानाही मेसेज असेच पसरायचे.

पुढे खुलासा झाला. २००१ मध्ये थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी दाखवलं, की मोझार्टच्या उत्साही रचनेनं मन ताजंतवानं होतं, म्हणून उत्तरं सुधारतात. अल्बिनोनीच्या उदास अदाजिओनं, म्हणजे संथ लयीतल्या रचनेनं, तसं काही होत नाही. थोडक्यात, चहाही चालला असता.

काम चालू असताना मागे काही वाजलं तर काय होतं, याचे प्रयोग वेगळेच आहेत, आणि ते पालकांच्या मेसेजमध्ये येत नाहीत. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श यांनी इंग्रजी जाणणाऱ्यांच्या कानावर जर्मन वाचन घातलं. एक शब्द कळत नसतानाही त्यांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवणं जड गेलं. १९८९ मध्ये सालामे आणि बॅडली यांना आढळलं, की आकडे लक्षात ठेवताना गायलेलं संगीत नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त आड येतं. म्हणजे ख्याल लावायचा असेल, तर बंदिशीचे ब्रज शब्द मुलांना कळत नाहीत ही काही सोय नव्हे. २०११ मध्ये पेरहॅम आणि विझार्ड यांनी आणखी एक गोष्ट तपासली. आवडतं संगीत असो की नावडतं, क्रम लक्षात ठेवण्यात दोन्ही सारखाच खोडा घालतात.

आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ बडोदे दरबारचे गवई. त्यांची नोमतोम, म्हणजे शब्दांविना चाललेली आलापी, रंगात आलेली असताना कुणी तीन आकडी भागाकार सोडवला असेल, हे मला पटत नाही. सोडवला असेल, तर त्यानं गाणं ऐकलं नसणार.

आणि ती यमनची लिंक. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. सकाळी अकराला तोडी लावा, दुपारी सारंग, निदान एवढं तरी बघा, असं ग्रुपवर लिहिलं तेव्हा एका पालकांनी विचारलं, की सारंगनं गणितात किती मार्क वाढतात.