30 दिवसांची पडताळणी आणि मीरारोडचे गवंडी

जून 2025 च्या मध्यावर मीरारोड आणि आसपासच्या भागातून पोलिसांनी उचललेले काही बंगालीभाषक मजूर थेट बांगलादेशात सापडले. ते मुर्शिदाबाद, बर्धमान या जिल्ह्यांतले, म्हणजे भारतीयच होते. सीमा सुरक्षा दलाने त्यांना रात्रीच्या अंधारात पलीकडे ढकलले होते. मोबाइल काढून घेतले, मारहाण केली, मागे फिरलात तर गोळी घालू अशी धमकी दिली, असे परत आल्यावर या मजुरांनी सांगितले. पश्चिम बंगाल सरकारने त्यांची कागदपत्रे पुढे केली, दोन्ही देशांच्या सीमा दलांची ध्वजबैठक, म्हणजे सीमेवरच अधिकाऱ्यांची भेट झाली, आणि मगच त्यांना परत घेतले गेले.

ही ‘पुशबॅक’ची, म्हणजे कोर्टात न नेता थेट सीमेपलीकडे ढकलण्याची पद्धत नवी नाही. 1992 मध्ये दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतून लोकांना उचलून, डोकी भादरून सीमेपलीकडे ढकलले गेले. त्यावर दोन्ही देशांत गदारोळ झाला. जुलै 1998 मध्ये मुंबई पोलिस रेल्वेने नेत असलेल्या बंगालीभाषकांना हावडा जिल्ह्यातल्या उलुबेरिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून सोडवले. त्या वेळीही पश्चिम बंगालची तक्रार हीच होती की आमच्याच माणसांना परके ठरवले जाते आहे. महाराष्ट्रात ही घटना आज फारशी कुणाला आठवत नाही, पण 2025 च्या वादातले जवळपास सगळे मुद्दे तेव्हाच मांडून झाले होते.

सीमेवरच्या हिंसेचे एक प्रकरण 2011 मध्ये खूप गाजले. 7 जानेवारी 2011 रोजी वडिलांबरोबर कुंपण ओलांडून बांगलादेशात परतणारी 15 वर्षांची मुलगी सीमा सुरक्षा दलाच्या गोळीला बळी पडली आणि तिचे प्रेत काही तास काटेरी तारेवर लटकत राहिले. खटला दलाच्या स्वतःच्या न्यायालयात चालला. 2013 मध्ये आरोपी जवान निर्दोष सुटला, आणि फेरविचारानंतर 2015 मध्ये पुन्हा सुटला. ज्या दलाच्या माणसावर आरोप, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी न्याय करायचा, ही व्यवस्था आजही तशीच आहे. सुमारे 4,096 किलोमीटरच्या त्या सीमेवर रात्री काय घडते, हे बाहेरच्यांना सहसा कळत नाही ते याचमुळे.

ठाणे जिल्ह्याचा या साखळीशी थेट संबंध जानेवारी 2025 मध्ये आला. वांद्र्यात एका अभिनेत्यावर त्याच्या घरात हल्ला झाला आणि संशयित ठाण्यात, कासारवडवलीजवळच्या मजूर वस्तीच्या परिसरात पकडला गेला. तो बांगलादेशी असल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर घोडबंदर रोडवरच्या बांधकामांचे लेबर कॅम्प, नवी मुंबईतल्या वसाहती, मीरारोड-भाईंदर इथे तपासणी मोहिमांनी जोर धरला. एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि मोहीम देशभर पसरली.

मग आला मे 2025 चा केंद्राचा आदेश. या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. एखाद्या राज्यात पकडलेला माणूस आपण दुसऱ्या राज्यातले आहोत असे सांगत असेल, तर त्याचे नाव-पत्ता त्या राज्याला कळवायचा, त्या जिल्ह्याने चौकशी करून 30 दिवसांत उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर हद्दपारीची कारवाई पुढे नेता येते. कागदावर हे संरक्षण दिसते. पण त्यातली शेवटची अट उलटी आहे. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा कारकून फाइल हलवत नाही, आणि त्याची शिक्षा ठाण्यात प्लास्टर करणाऱ्या माणसाला. शिवाय मीरारोडच्या प्रकरणात ते 30 दिवसही मिळाले नाहीत. उचलल्यापासून सीमेपलीकडे जाईपर्यंत महिना सोडाच, काही दिवसच गेले. आम्हाला विचारलेच नाही, असे पश्चिम बंगाल सरकारचे म्हणणे होते.

दिल्लीतून जूनमध्ये उचललेल्या एका गरोदर बाईला आणि तिच्या कुटुंबाला तर दोनच दिवसांत पलीकडे पाठवले गेले. सप्टेंबर 2025 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि केंद्राच्या मे महिन्यातल्या आदेशातल्या चौकशीकडे बोट दाखवून घाईबद्दल सरकारला खडसावले. डिसेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर, ती बाई मुलासह परत आली.

रीतसर हद्दपारीचा रस्ता वेगळा आणि लांब आहे. विदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याखाली गुन्हा, कोर्ट, शिक्षा, मग त्या देशाच्या उच्चायुक्तालयाकडून नागरिकत्वाची खात्री, आणि शेवटी चेकपोस्टवर हस्तांतरण. याला महिने, कधी वर्षे लागतात. शिक्षा संपल्यावर या लोकांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न 2019 मध्ये नवी मुंबईत पोहोचला होता. नेरूळमध्ये स्थानबद्धता केंद्रासाठी दोन-तीन एकर जागेची मागणी झाली, वर्षअखेर सरकार बदलले आणि ते बारगळले. पुशबॅकमध्ये कोर्ट नाही, उच्चायुक्तालय नाही, लेखी आदेशाची प्रत नाही. म्हणून तो सोपा, आणि म्हणूनच त्यात भारतीय माणूस अडकला तर त्याला दाद मागायला जागा उरत नाही.

पोलिसांची बाजूही आहे. बनावट आधार आणि पॅन करून देणाऱ्या टोळ्या खरोखर पकडल्या गेल्या आहेत. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे 2016 च्या आधार कायद्यातच लिहिले आहे. ठाण्यातल्या एका प्रकरणात ऑगस्ट 2025 मध्ये जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयानेही आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्याने कुणी नागरिक ठरत नाही असे म्हटले. मीरारोडच्या पोलिसांनी याच कारणाने आधार-पॅन न मानता जन्मदाखला मागितला. 1980 च्या दशकात खेड्यात घरीच जन्मलेल्या गवंड्याने तो आणायचा कुठून? जन्मनोंदणीचा कायदा 1969 पासून असला तरी त्या काळात किती मुलांची नोंद होत असे, हे महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या लोकांनाही चांगले ठाऊक आहे. आणि 1946 च्या विदेशी नागरिक कायद्याने स्वतःला भारतीय सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता.

परराज्यातल्या मजुराला त्याचे नाव, फोटो आणि कामाची नोंद असलेले पासबुक ठेकेदाराने द्यावे, अशी तरतूद 1979 च्या स्थलांतरित कामगार कायद्यात होती. बिल्डर, ठेकेदार आणि मुकादम यांच्या साखळीत हे पासबुक मजुराच्या हाती क्वचितच पडले. पडले असते, तर निदान हा माणूस कुठून आला आणि किती वर्षे इथे राबतो आहे याचा कागद पोलिसांपुढे ठेवता आला असता.

1 सप्टेंबर 2025 पासून 1946 च्या कायद्यासह चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी नवा कायदा आला. सिद्ध करण्याचा भार त्यातही संशयितावरच आहे. 30 दिवसांची पडताळणी मात्र त्याच्या कलमांत नाही. ती अजूनही केवळ प्रशासकीय आदेशावर उभी आहे, आणि दुसरा आदेश काढून ती कधीही बदलता येते.