खासगी चॅटचे संरक्षण

स्मार्टफोनवरील संदेश-ॲपमधून दोन माणसांत किंवा ठरावीक गटात चाललेले संभाषण तिऱ्हाइताच्या हाती पडू नये म्हणून केलेल्या तांत्रिक योजना आणि फोन वापरण्याच्या सवयी, या दोहोंना मिळून खासगी चॅटचे संरक्षण म्हणता येईल. तिऱ्हाईत कोण, याचे उत्तर दर वेळी बदलते. तो इंटरनेटच्या वाटेवर पाळत ठेवणारा असेल, सेवा देणारी कंपनी असेल, सरकारी यंत्रणा असेल, फोन लांबवणारा चोर असेल, किंवा त्याच घरात राहणारा आणि फोनचा पिन ठाऊक असलेला माणूस असेल. लिहिले-बोलले जाते ते मुख्यतः पहिल्या तिघांबद्दल. सामान्य वापरणाऱ्याला नडतो तो बहुधा शेवटचा.

संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर असतो, मग वाटेत असतो, मग घेणाऱ्याच्या फोनवर असतो. यांपैकी वाटेचा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत बराचसा सुटला आहे. दोन्ही टोकांचा सुटलेला नाही, आणि पूर्ण सुटेल अशी चिन्हेही नाहीत.

वाटेवरचे कुलूप

साधा एसएमएस मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत वाचता येतो. सुरुवातीच्या चॅट-ॲपमध्ये संदेश फोनपासून सर्व्हरपर्यंत झाकलेला जाई, पण सर्व्हरवर उलगडला जाई. म्हणजे कंपनीवर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मजकूर झाकून नेण्याच्या पद्धतीत) मजकूर उलगडण्याच्या किल्ल्या, म्हणजे गुप्त आकडे, फक्त दोन टोकांच्या फोनांत असतात आणि सर्व्हर हा नुसता हमाल उरतो.

याच्या मुळाशी व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेली कल्पना आहे : दोघांनी उघड्यावर, सगळ्यांच्या देखत आकडे सांगितले तरी त्यांतून फक्त त्या दोघांनाच कळेल असे सामाईक गुपित तयार करता येते. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांचे पीजीपी हे मजकूर झाकणारे सॉफ्टवेअर आले. ईमेलसाठी ते भक्कम होते, पण किल्ल्या सांभाळण्याचा उपद्व्याप इतका की जाणकारांपलीकडे त्याचा प्रसार फारसा झाला नाही. शिवाय एकच किल्ली वर्षानुवर्षे चाले. ती चोरीला गेली की जुना सगळा पत्रव्यवहार उघडा.

या दोन्ही अडचणींवर आजचा तोडगा म्हणजे सिग्नल प्रोटोकॉल, संदेश झाकण्याची ठरलेली नियमावली. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी २०१३ पासून तो विकसित केला. त्यातल्या मुख्य युक्तीचे नाव डबल रॅचेट. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारे दातेरी चाक. पुढे सरकते, मागे येत नाही. प्रत्येक संदेशासाठी नवी किल्ली तयार होते आणि वापरून झाली की पुसली जाते. एखाद्याने मधेच एक किल्ली मिळवली तरी तिच्यावरून आधीच्या किल्ल्या काढता येत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी आणखी काही संदेश गेले-आले की पुढचे संभाषणही पुन्हा त्याच्या हाताबाहेर जाते. समोरच्याचा फोन बंद असला तरी अडत नाही, कारण एकदाच वापरायच्या किल्ल्यांचा उघड (कोणी पाहिला तरी चालणारा) भाग प्रत्येक फोनने आधीच सर्व्हरवर ठेवलेला असतो. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, आणि या पद्धतीचे खरे यश तेच आहे.

व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये ही पद्धत सर्व संभाषणांना लावली. फेसबुक मेसेंजरने ती वैयक्तिक चॅटसाठी आपोआप लागू करायला डिसेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली. ॲपलच्या आयमेसेजमध्ये २०११ पासून वेगळ्या रचनेचे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे. टेलिग्रामबद्दल मात्र गैरसमज फार. तिथली नेहमीची चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि तिच्या किल्ल्याही कंपनीच्याच ताब्यात असतात. एंड-टू-एंड संरक्षण फक्त ‘सीक्रेट चॅट’ला आहे, ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि गटांसाठी मिळत नाही.

किल्ली खरोखर समोरच्याचीच आहे ना, हे पाहण्याची सोय सिग्नल (याच प्रोटोकॉलचे मूळ ॲप) आणि व्हॉट्सॲप या दोन्हींत आहे. संपर्काच्या माहितीत गेले की साठ अंक आणि एक क्यूआर कोड दिसतो. दोघांनी समोरासमोर बसून तो कोड स्कॅन करायचा किंवा अंक ताडून पाहायचे. असे करणारी माणसे विरळाच. निदान ‘सुरक्षा कोड बदलला’ ही सूचना चालू ठेवावी. ती आली म्हणजे बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला असतो किंवा ॲप नव्याने टाकलेले असते. पैशांची किंवा नाजूक गोष्ट चाललेली असताना ती आली, तर एक फोन करून आवाज ऐकलेला बरा.

मजकूर झाकला तरी माग उरतो

कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा बोलले, या माहितीला मेटाडेटा म्हणतात. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनने ती झाकली जात नाही. कंपनी ती किती साठवते हा तिच्या धोरणाचा प्रश्न. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे दोन क्रमांकांची माहिती मागितली, तेव्हा त्यांतल्या सिग्नलवर असलेल्या एका क्रमांकाचे खाते कधी उघडले आणि सेवेशी शेवटचा संपर्क कधी झाला, एवढेच देता आले. बाकी काही ठेवलेलेच नव्हते. फोनवर येणाऱ्या सूचना ॲपल आणि गूगल यांच्या सर्व्हरमार्फत येतात, आणि सरकारे त्या नोंदी या कंपन्यांकडे मागतात, हे अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या डिसेंबर २०२३ मधील पत्राने चव्हाट्यावर आले.

बॅकअप नावाची मागची खिडकी

दाराला भक्कम कुलूप घालून मागची खिडकी सताड उघडी ठेवावी, तसा हा प्रकार बरीच वर्षे चालला होता. चॅट वाटेत पूर्ण सुरक्षित. पण तिची प्रत रोज रात्री गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाई आणि तिथे ॲपचे एंड-टू-एंड कुलूप नसे. ज्याच्या हाती ईमेल खात्याचा ताबा, त्याच्यासाठी किंवा कायदेशीर आदेश घेऊन क्लाउड कंपनीकडे जाणाऱ्यासाठी तो सोपा रस्ता होता.

व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१ मध्ये बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप देऊ केले. पासवर्ड ठेवायचा किंवा ६४ अंकी किल्ली उतरवून घ्यायची. पण ही सोय आपणहून चालू होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. किल्ली हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून ती त्याच फोनच्या स्क्रीनशॉटमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही. फोन गेला की तीही गेली. ॲपलच्या नेहमीच्या आयक्लाउड बॅकअपची किल्ली कंपनीकडेही असते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’मुळे ती फक्त वापरणाऱ्याकडे ठेवता येते. ब्रिटनमध्ये सरकारच्या मागणीनंतर ॲपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या वापरकर्त्यांसाठी ही सोय बंद केली.

चॅटच्या दोन प्रती असतात हेही विसरायला नको. आपण बॅकअपला कुलूप लावले आणि समोरच्याने लावले नाही, तर तेच संभाषण त्याच्या क्लाउडमध्ये उघडे पडलेले असते.

हातातला फोन

सगळ्या संरक्षणाचा पाया फोनचा पिन. चार अंकी पिनच्या शक्यता १०,०००, सहा अंकीच्या १० लाख. फोन ठरावीक चुकांनंतर थांबायला लावतो म्हणून हा फरक उपयोगी पडतो. अक्षरे मिसळलेला पासवर्ड त्याहून चांगला. जन्मसाल किंवा १२३४५६ ठेवले तर शक्यतांचे हे सगळे गणित वाया. आधुनिक फोन बंद करून पुन्हा सुरू केला की पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत त्यातली बहुतेक माहिती कुलूपबंद राहते. तोवर बोटाचा ठसाही चालत नाही. फोन हातातून जाण्याची शक्यता असेल तिथे तो बंद करून ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

त्यावर ॲपचे स्वतंत्र कुलूप लावता येते. व्हॉट्सॲपमध्ये ते २०१९ पासून आहे. इथे एक बारकावा आहे. ॲप विचारते ते ‘हा ठसा या फोनला ओळखीचा आहे का’ एवढेच. जोडीदाराचे किंवा मुलाचे बोट सोयीसाठी कधी फोनमध्ये नोंदवून ठेवले असेल, तर ॲपचे कुलूप त्या बोटालाही उघडते. झोपलेल्या माणसाचे बोट उचलून लावले तरी उघडते, हे वेगळे सांगायला नको. नोंदवलेल्या ठशांची यादी एकदा पाहून परकी बोटे काढून टाकणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे.

निवडक चॅट वेगळ्या ठेवण्यासाठी व्हॉट्सॲपने मे २०२३ मध्ये ‘चॅट लॉक’ आणले. कुलूपबंद चॅट मुख्य यादीतून निघून वेगळ्या कप्प्यात जाते आणि तिच्या सूचनेत नाव व मजकूर दिसत नाही. पण हा कप्पा फोनच्याच पिनने किंवा ठशाने उघडे. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे त्यालाच पिन ठाऊक असला तर काय उपयोग! नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यासाठी ‘सीक्रेट कोड’ आला. फोनच्या पिनहून वेगळा कोड ठेवता येतो आणि कप्पा यादीतूनही गायब करता येतो. शोधपट्टीत तो कोड टाकला तरच तो दिसतो. संपूर्ण ॲपच लपवायचे असेल तर अँड्रॉइड १५ मधील ‘प्रायव्हेट स्पेस’ किंवा आयओएस १८ मधील ॲप लपवण्याची सोय आहे. दोन्ही २०२४ च्या.

एवढे सगळे करूनही फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला आणि लॉक स्क्रीनवर सूचनेचा मजकूर चालू असला, तर नाव आणि पहिल्या दोन ओळी शेजारी बसलेल्याला फोन न उचलता वाचता येतात. सूचनेतला मजकूर बंद करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय.

दुसरे दुर्लक्षित ठिकाण ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी. कोणी मिनिटभर उघडा फोन हाती घेऊन आपल्या संगणकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, की पुढचे संदेश त्या संगणकावरही उमटत राहतात आणि मूळ फोन नेहमीसारखाच चालतो. कार्यालयातल्या संगणकावर स्वतःच उघडून विसरलेले सत्रही याच यादीत सापडते. हीच वाट दुरूनही वापरली जाते : रशियाशी संबंधित गट गटात सामील होण्याच्या निमंत्रणासारखे दिसणारे क्यूआर कोड पाठवून सिग्नलची खाती आपल्या यंत्रांना जोडून घेतात, असे गूगलच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले.

खाते पळवणे

बहुतेक ॲपचे खाते मोबाइल क्रमांकाला बांधलेले असते आणि नव्या फोनवर ते एसएमएसने आलेल्या सहा अंकी कोडने उघडते. ‘चुकून तुमच्याकडे कोड गेला, तेवढा पाठवा ना’ असे ओळखीच्या खात्यावरून विचारले जाते, कारण ते ओळखीचे खाते आधीच पळवलेले असते. मोबाइल कंपनीला फसवून नवे सिम काढणे हा याचाच दुसरा प्रकार. चोराला जुनी चॅट सहसा मिळत नाही, कारण ती फोनात असते. पण गट आणि पुढचे संदेश मिळतात आणि आपल्या नावाने पैसे मागता येतात. उपाय एकच, द्विस्तरीय पडताळणी : स्वतः ठरवलेला सहा अंकी पिन, जो नव्या फोनवर कोडबरोबर विचारला जातो.

हेरगिरीची सॉफ्टवेअरे

फोनच कोणाच्या ताब्यात गेला तर एन्क्रिप्शन निरुपयोगी, कारण पडद्यावर मजकूर उलगडलेलाच असतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉल यंत्रणेतील त्रुटीतून एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर सुमारे १,४०० फोनांवर सोडण्यात आले. आलेला कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. अशी शस्त्रे महाग असतात आणि पत्रकार, वकील, राजकारणी यांच्यावर रोखली जातात. अशांसाठी ॲपलने २०२२ मध्ये ‘लॉकडाउन मोड’ आणला, फोनच्या काही सोयी बंद करून हल्ल्याच्या वाटा कमी करणारा. इतरांच्या वाट्याला येते ते जवळच्या माणसाने फोन हाताळून गुपचूप टाकलेले पाळतीचे ॲप. त्यासाठी अनोळखी ॲप आणि त्यांना दिलेल्या परवानग्या, विशेषतः ‘ॲक्सेसिबिलिटी’ची (पडद्यावरचे वाचू देणारी), तपासाव्यात, आणि फोनचे अपडेट लांबणीवर टाकू नये.

समोरचा माणूस

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सिग्नल गटात येमेनमधील हल्ल्यांची चर्चा चालू असताना ‘द अटलांटिक’चे संपादक जेफ्री गोल्डबर्ग त्या गटात चुकून सामील केले गेलेले होते. एन्क्रिप्शनने आपले काम चोख केले. संदेश गटातल्या प्रत्येकाला, गोल्डबर्ग यांनाही, सुरक्षित पोचले. मोठ्या गटात खासगीपणा मानणे हाच मुळात भाबडेपणा आहे.

आपोआप पुसले जाणारे संदेश व्हॉट्सॲपवर नोव्हेंबर २०२० मध्ये आले, आधी फक्त ७ दिवसांचे. पुढच्या वर्षी २४ तास आणि ९० दिवस हे पर्याय मिळाले. एकदाच पाहता येणारी छायाचित्रे ऑगस्ट २०२१ पासून. या सोयींनी साठा कमी होतो. फोन उद्या कोणाच्या हाती पडला तर त्यात फारसे काही सापडत नाही. मात्र समोरच्याने ठरवले तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढण्यापासून कोणतेही ॲप त्याला अडवू शकत नाही. ‘सर्वांसाठी पुसा’ या आज्ञेचेही तसेच. अँड्रॉइड ११ पासून फोनमध्ये सूचनांचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर पाठवून लगेच पुसलेला संदेशही, सूचना येऊन गेली असल्यास, गेल्या चोवीस तासांच्या त्या यादीत वेळेसकट दिसतो.