ताट वेगळं, वस्तरा एकच

बुटीबोरीतल्या कारखान्यात कामाला लागायचं तर आधी रक्ततपासणी. पोरगा एकोणीस वर्षांचा, बालाघाटकडच्या गावातला. रिपोर्टवर एचबीएसएजीपुढे, म्हणजे यकृताला धरणाऱ्या हेपटायटिस बी विषाणूच्या रक्तातल्या खुणेपुढे, 'पॉझिटिव्ह' आलं. ठेकेदाराने 'बाद में आना' म्हणत कागद परत दिला आणि खोलीवरच्या सोबत्यांनी त्याचं ताट-पेला वेगळा काढला. असे किस्से नागपुरात अधूनमधून कानावर येतात, आणि सोबत 'बाहेरची पोरं रोग घेऊन येतात' हा शेराही.

पोरगा मात्र धडधाकट. डोळे पिवळे नाहीत, भूक मेलेली नाही, ताप तर नाहीच. मग हा हेपटायटिस बी त्याला लागला कधी? बहुतेक जन्मताना आईकडून, नाहीतर रांगत्या वयात. नागपूरची रेल्वे त्याने पाहिलीही नव्हती तेव्हा.

या विषाणूचं गणित वयावर चालतं. नवजात बाळाला लागण झाली तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. धट्ट्याकट्ट्या प्रौढाला लागण झाली तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत तो टिकतो. कारण हा विषाणू यकृताच्या पेशी स्वतः फारशा मारत नाही. त्याला हुसकावायला निघालेली आपली प्रतिकारशक्तीच त्या पेशी फोडते, आणि त्या धुमश्चक्रीतून कावीळ उमटते. बाळाची प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते, ती या पाहुण्याला घरचाच समजते. लढाई नाही म्हणून कावीळही नाही. वीस-तीस वर्षांनी यकृत घट्ट होऊ लागतं, काहींना कर्करोग होतो, तेव्हा कुठे पत्ता लागतो.

म्हणून स्थलांतरित तरुणांमधलं हेपटायटिस बीचं प्रमाण बरंचसं ते कुठे आणि कधी जन्मले यावर ठरतं. युरोपात गेलेल्या आफ्रिकी-आशियाई पोरांचंही तेच. त्यांच्यातलं प्रमाण मायदेशाच्या आकड्याशी जुळतं, नव्या शहराच्या नाही. आपल्याकडे ही लस २००२-०३ मध्ये मोजक्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली, देशभर पोचली २०११ मध्ये. आज कामाच्या शोधात येणारी बहुतेक पोरं त्याआधीची. तैवानने १९८४ मध्येच विषाणू असलेल्या आयांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९८६ पासून सगळ्याच बाळांना. तिथे मुलांमधलं प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एक टक्क्याखाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना हेपटायटिस बी होता. म्हणजे शंभरात साधारण दोघे, आणि त्यात इथलेही आलेच.

दूषित पाण्यातून येणाऱ्या हेपटायटिस ए-ची गंमत तर उलटीच. खेड्यातल्या पोराला तो लहानपणीच, कळतही नाही असा होऊन जातो आणि जन्मभराचं संरक्षण देऊन जातो. फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेला धरमपेठेतला मुलगा होस्टेलवर गेला की तिथे आडवा पडतो. बाहेरून रोग आणल्याचा ठपका कोणावर ठेवायचा, बोला!

पोराचा मामा त्याला काविळीची माळ घालून आणतो म्हणतो. माळ रोज लांबत जाते, तसा रोग उतरतो अशी समजूत. ती लांबते ते गाठीतले ओले काडीचे तुकडे सुकून आक्रसतात आणि दोरा सैल पडतो म्हणून. निरोगी माणसाच्या गळ्यातही लांबेल.

खरं काम वेगळं आहे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. प्रत्येकाला लगेच गोळ्या लागतात असंही नाही. रक्तात विषाणू किती, यकृत कसं आहे, हे पाहून डॉक्टर ठरवतात. हेपटायटिस सी निघाला तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णवांहून अधिक जण बरे होतात. बी सहसा समूळ जात नाही, पण रोजच्या गोळीने दबून राहतो. सोबत्यांनीही रक्त तपासावं आणि विषाणू नसेल तर लस घ्यावी. आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्यात तिसरी.

एका ताटात जेवल्याने हेपटायटिस बी होत नाही. तो रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो. वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस तग धरतो. आणि त्या खोलीत मोरीच्या कोनाड्यात दाढीचा एकच वस्तरा ठेवलेला असतो. रविवारी चौघेही त्यानेच दाढी करतात.